पानी उकरून पेवा

भागरताबाई कोणाच्याही घरात थेट शिरत नसे. उंबऱ्याशी थांबायची, नाक वर करायची, दोनदा हुंगायची आणि निकाल द्यायची, "मांडीइतकं पानी होतं. दोन दिस होतं. अन् नदीचं कमी, सेतखान्याचं जास्ती." घरधनी खाली मान घालायचा. पूर ओसरला की जो तो सांगतो, गंगामाई घरी येऊन गेली. शेतखाना घरी येऊन गेला असं कोणी सांगत नाही. भागरताबाई सांगायची, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

परवा आमच्या मंडळाच्या बैठकीत ठरलं, की पूर ओसरल्यावर घरात काय करावं याचं पत्रक काढायचं आणि ते मी लिहायचं, कारण मला "त्या कामाचा अनुभव आहे". अनुभव कसला, ते ठरावात लिहिलेलं नाही. टाळ्या मात्र वाजल्या. म्हणून पत्रकाच्या आधी हे लिहून टाकतो. ज्यांना नुसत्या सूचना हव्या आहेत त्यांनीही वाचावं. सूचना यातच आहेत, आणि त्या माझ्या नाहीत.

गाव वैनगंगेच्या काठचं, चांदा जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर एका गावाची बदनामी होईल आणि बाकीची गावं निवांत झोपतील. टेकाडावर जंगलातून तोडून आणलेल्या लाकडाचा डेपो. त्याखाली बाजार आणि मोठी घरं. आणि अगदी तळाला, नदीला टेकून, मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, ढिवर मोहल्ला. मोठ्या घरांचे शेतखाने मागच्या गल्लीत उघडायचे. वर दोन दगड, खाली टोपली, आणि गल्लीचा उतार सरळ ढिवर मोहल्ल्यातून नदीत. ज्यानं गाव वसवलं त्याला घाण कुठं वाहत जाते हे पक्कं ठाऊक असणार. मी घाटावरचा. मंडळानं आरोग्याचा प्रचारक म्हणून तिकडे धाडलं तेव्हा माझ्याजवळ दोन जोडी कपडे, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि चीड, एवढाच ऐवज होता.

तिची माझी ओळख माझ्याच पत्रकामुळे झाली. बाजारात ती सुकी मासोळी विकायची आणि गिऱ्हाइकाला बांधून द्यायची ती माझ्या पत्रकात. मी खवळलो. म्हटलं, "बाई, हे वाचायला वाटलंय, बांधायला नाही."

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "माह्या दिराले येते. त्यानं वाचलं. पन त्यालेबी समजलं नाई."

तिच्या मागे जाळं विणत बसलेला एक उंच, किडकिडीत माणूस लगबगीनं उठला. हा रामाजी, तिचा धाकटा दीर. साऱ्या ढिवर मोहल्ल्यात वाचता येणारा एकटा. चष्म्याची एक काडी जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली. त्यानं मोठ्या अदबीनं मला माझीच ओळ दाखवली : 'दूषित जलाचे प्राशन कटाक्षाने टाळावे.'

"प्राशन म्हंजे काय गा, भाऊ?" भागरताबाईनं विचारलं.

"पिणं."

"अन् कटाक्ष?"

"म्हणजे, अजिबात."

"मंग 'घान पानी पेऊ नोका' असं लिवाले तुही शाई संपली होती का?"

आजूबाजूचे सगळे हसले. रामाजी हसला नाही. छापलेल्या अक्षराची त्याला भारी कदर. "वयनी, छापलं हाये ना, मंग विचार करूनच छापलं असन," तो म्हणाला. मला तेव्हा तो फार आवडला. आपल्या बाजूचा एक तरी माणूस भेटला असं वाटलं. त्या दिवसापासून भागरताबाईच्या तोंडी मी 'पर्चाभाऊ' झालो.

ती साठीची असेल. तिचं तिलाही माहीत नव्हतं. बुटकी, काळी, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि कमरेला एक कापडी पिशवी. पिशवीत तंबाखू असेल असं मला वाटायचं. त्यात तूस होतं, धानाचं कोरडं तूस. त्याचं काम पुढे सांगतो. मासोळी विकून झाली की ती दोनतीन मोठ्या घरांत पाणी भरायची. त्या घरांना ढिवराच्या हातचं पाणी चालायचं. ढिवरीण मात्र पडवीच्या पुढे चालायची नाही. ती स्वतः थंड पाणी कधी पीत नसे. चुलीवर तापवलेलं पाणी पितळी गिलासात ओतून, फुंकर घालत, घोट घोट प्यायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. मोहल्ल्यातल्या बाया चिडवायच्या, "भागरताबाई पान्याचा चा पेते व!" ती म्हणायची, "पेते. साखर नाई टाकत, मनून गोड नाई लागत. पन जिती हावो."

यात थट्टा कमी होती. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पुरानंतर तिचा नवरा आणि दोन मुलगे एका आठवड्यात हैज्यानं, म्हणजे पटकीनं, गेले. गावानं सांगितलं, मरीमाय कोपली. कोंबडं कापलं, गाडा काढला, वेशीबाहेर नेऊन सोडला. भागरताबाईला जेव्हा जेव्हा कोणी त्याबद्दल हळहळत बोले, तेव्हा ती एकच वाक्य म्हणायची, "मरीमाय नाई आली गा. पानी आलं." तिला हे कोणी शिकवलं? कोणी नाही. एक घर रिकामं झालं आणि उरलेली बाई विचार करत बसली. आपल्याकडे आरोग्याचं शिक्षण देण्याची ही पद्धत अजून चालू आहे.

मी गेलो त्याच वर्षी श्रावणात वैनगंगा चढली. पुराचं वर्णन करणार नाही. पुरात लोक बहादूर असतात, एकमेकांना ओढून काढतात, त्याची वर्णनं वर्तमानपत्रात पुष्कळ येतात. माणसं मरतात ती नंतर, नदी परत गेल्यावर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं पाणी पिऊन. त्याला बातमी म्हणत नाहीत.

नदी उतरली तेव्हा पोळा दोन दिवसांवर होता. आणि पोळ्याला घर सारवलेलं पाहिजे. म्हणून गावातल्या प्रत्येक घरात बाया शेणाचा काला करून बसल्या. जमिनीवर चार बोटं काळा, चिकट, वास मारणारा गाळ, आणि त्यावर शेणाचा हात. वरून कसं हिरवं, नीटनेटकं, पवित्र दिसायचं! खाली पुराबरोबर आलेला गल्लीतला मैला तसाच ओला, झाकलेला. त्यावर माणसं झोपणार, बाळंतिणी बसणार, पोरं रांगणार.

मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरीही तेच चाललं होतं. मालगुजारी कायद्यानं संपून गेली होती, पण त्या घराला आणि घरातल्या बाईला ते कोणी कळवलं नव्हतं. भागरताबाई पाणी भरायला गेली आणि मी तिच्या मागोमाग, वर्गणी मागायला. तिनं उंबऱ्यावर हुंगलं. मग कमरेची पिशवी सोडली, मूठभर तूस काढलं आणि भिंतीवर फेकलं. सगळं तूस भिंतीला चिकटून बसलं.

"बाई," ती मालगुजारीण बाईला म्हणाली, "भीत रडून राह्यली. तिचे डोरे पुसाचे सोडून तुमी तिच्या तोंडाले सेन काऊन फासून राह्यल्या?"

"भागरता, परवा पोळा आहे. बिनसारवल्या घरात बैल पुजू का मी?"

"बैलाले काई होत नाई. त्याले गोठा हाये. खाली झोपता तुमी."

"शेण पवित्र असते."

"असते ना. पन खाली काय हाये ते पाहा. गुवावर चादर टाकून राह्यल्या तुमी."

मालगुजारीण बाईनं दोन्ही कान झाकले. भागरताबाई तोवर पडवी ओलांडून आत गेली होती. ज्या घरात तिला पडवीच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती, त्याच्या माजघरात ती फावडं घेऊन उभी राहिली आणि खाली कोरडी पिवळी माती लागेपर्यंत उकरत गेली. कोणी अडवलं नाही. वास असा होता की अडवायलाही कोणी आत येईना.

कामाची तिची रीत ठरलेली. दारं-खिडक्या सताड उघडायच्या. उघड्या हातानं गाळाला शिवायचं नाही. हाताला चिंध्या, आणि पायाला जखम असेल तर त्यानं बाहेरच थांबायचं. उकरलेला गाळ विहिरीपासून लांब, खड्ड्यात. गोधड्या पुराच्या पाण्यात भिजल्या असतील तर खदखदत्या पाण्यातून काढून उन्हात, नाही तर जाळात. जमीन मोकळी झाली की चुना भुरभुरायचा आणि थांबायचं. रोज भिंतीवर तूस फेकायचं. ज्या दिवशी तूस चिकटत नाही, झरझर खाली पडतं, त्या दिवशी सारवायचं. मग सण असो की लग्न. काम झालं की राखेनं कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि त्याआधी तोंडाला, डोळ्याला, तंबाखूला हात लावायचा नाही. हे शेवटचं ती स्वतःलाच बजावायची. तंबाखू ती खात होतीच, दुसऱ्या पिशवीतून.

माजघरात धानाची कणगी होती. खालचा निम्मा धान पुराच्या पाण्यात फुगला होता, आंबूस वास येत होता. मालगुजारीण बाई म्हणाली, "तो उन्हात टाकू. वाळला की मजुरांना देऊन टाकू."

भागरताबाई फावड्यावर हात ठेवून उभी राहिली. "तुमी खान का तो?"

"आम्ही कशाला खाऊ?"

"मंग ते काऊन खातीन?"

उत्तराची वाट न बघता तिनं कणगीच्या बुडाला फावडं घातलं. भिजका धान त्याच गाळावर सांडला. मला टाळी वाजवावीशी वाटली. दान म्हणून सडकं देणारी घरं मी घाटावरही पुष्कळ पाहिली होती. असं फावडं पाहिलं नव्हतं. त्या पोळ्याला मालगुजाराच्या घरात सारवण झालं नाही. बैल अंगणात पुजले. घर महिनाभर उघड्याबोडक्या मातीचं राहिलं, आणि त्या घरात कोणी आजारी पडलं नाही.

आता माझ्याकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

ती तिथं उकरत असतानाच मला सुचलं, की पत्रक हिच्याच शब्दांत काढावं. 'प्राशन'वरून हसलेल्या बाजाराला उत्तर द्यायचं होतं. मी पडवीत बसून कागद काढला आणि म्हटलं, "बाई, तुम्ही सांगा, मी लिहितो." ती मान वर न करता सांगत गेली. फावडं चालू, तोंड चालू.

"गार उकरून काहाडा. भिताडं वारू द्या. तूस टाकून पाहा. सारवाची घाई करू नोका. अन् पानी उकरून पेवा. हे मोठ्या अक्षरात लिव्ह. पानी उकरून पेवा."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. गार म्हणजे गाळ, हे मला कळलं. तिकडच्या तोंडात ळ नसतो, र येतो, हे मला ठाऊक होतं. डोळ्याला डोरा म्हणतात हे मी घरच्या पत्रात गंमत म्हणून कळवलं होतं. पण 'पाणी उकरून' ऐकलं आणि डोळ्यांसमोर आला झिरा. उन्हाळ्यात नदीकाठच्या वाळूत बाया हातानं खड्डा उकरतात, त्यात पाणी झिरपतं, ते करवंटीनं भरून घेतात. वा, म्हटलं, वाळूतून गाळलेलं पाणी! लोकांचं शहाणपण! आणि तिचं वाक्य फारच त्रोटक वाटलं म्हणून मी ते सुधारलं. 'नदीकाठच्या वाळूत झिरा उकरून त्यातील स्वच्छ पाणी प्यावे.' खाली लिहिलं, 'ढिवर मोहल्ल्यातील अनुभवी भगिनी भागरताबाई यांच्या सांगण्यावरून.' तिला वाचून दाखवलं का? नाही. संध्याकाळच्या आत छापायचं होतं ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा रामाजीच्या हातात दिला आणि मी बाजारात वाटायला गेलो. भागरताबाई दिवसभर मोठ्या घरांत गाळ उपसत होती. इकडे रामाजीनं मोहल्ल्यातल्या लोकांना गोळा करून पत्रक मोठ्यानं वाचलं. बाया म्हणाल्या, "पन वयनी तं पानी तापवाले सांगते." त्यावर त्यानं शेवटची ओळ दोनदा वाचली. "तिचंच सांगनं हाये हे. नाव छापलं पाहा." मोहल्ल्यात कोरडी काडी उरली नव्हती, गोवऱ्या वाहून गेल्या होत्या, आणि इथं तर चूल पेटवायची गरजच नव्हती. रामाजीनं स्वतः झिरा उकरला. मागची गल्ली जिथं नदीला मिळते, तिथून वीस पावलांवर. पाणी काचेसारखं आलं. छापलेल्या शब्दाचा मान म्हणून पहिली ओंजळ त्यानं घेतली.

तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी डोळे खोल गेले, हातापायाला पेटके आले. मोहल्ल्यातली आणखी सहा-सात माणसं आडवी झाली होती. मालगुजाराच्या घरून भागरताबाई पळत आली तेव्हा मी तिथंच होतो. तिनं दिराचा हात हातात घेतला. "काय पेलास गा, रामा?"

त्याला बोलवत नव्हतं. त्यानं उशाखालून पत्रक काढून तिच्यापुढे धरलं.

"वाच," ती मला म्हणाली.

मी वाचलं. 'झिरा उकरून'पाशी तिनं हात वर केला.

"मी उकरून म्हनलं होतं."

"तेच लिहिलंय, बाई."

"अरे उकरून! चुलीवर!" तिनं पाचही बोटं वर करून हवेत खदखदवली. "उकरून!"

उकळून. बाई उकळून म्हणत होती.

रामाजी त्याच दुपारी गेला. मोहल्ल्यात बाकी कोणाला वाचता येत नव्हतं म्हणून ते थांबले, विचारत बसले, थोडं थोडं प्यायले. त्याला वाचता येत होतं म्हणून तो मेला. साक्षरतेचे सोहळे करणाऱ्यांनी हे वाक्य कुठं तरी लिहून ठेवावं. मी ठेवलं आहे.

मी भिंतीला टेकून रडायला लागलो. भागरताबाईनं माझा खांदा धरून हलवला. "तुहे कान फुटले होते का गा?" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "रड मंग. रडाले उमर पडली हाये. सात मानसं पडून हायेत अंदर. त्याहिले पेज पाजाची हाये अन् पानी पाजाचं हाये, अन् तापवाले काडी नाई. वर डेपो हाये. जाय, लाकडं आन."

मी डेपोवर धावलो. तिथं जळाऊ लाकडाची बिटं, म्हणजे थप्प्या, रचलेली, घराएवढी उंच, वर ताडपत्री, खाली दगड, म्हणजे पाणी लागू नये. त्या जंगलातलं लाकूड. त्याच गावातल्या माणसांनी तोडलेलं, फोडलेलं, रचलेलं. मुन्शी खुर्चीवर बसून होता. शेजारी गावच्या पूरनिवारण समितीचे अध्यक्ष, चहा पीत.

"एक गाडी लाकूड पाहिजे. खाली माणसं मरतायत," मी म्हणालो.

"वरून हुकूम आल्याबिगर काडी हलत नाई, भाऊ," मुन्शी म्हणाला.

"हुकूम येईपर्यंत?"

"अर्ज द्या ना. लिव्हता चांगलं तुमी."

अध्यक्ष म्हणाले, "अन् तुमच्याच पत्रकानं झालं म्हनते हे. मंग आता दुसऱ्याले काऊन दोष?"

दोष माझा होता. पण त्यांच्या हातात गरम चहा होता. तो कशावर उकळला होता? मी अर्ज लिहिला. लिहिताना पाहिलं तर हातानं 'दूषित जल' असं लिहिलं होतं. सवय.

रिकाम्या हातानं खाली आलो तर मोहल्ल्यात कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

भागरताबाईच्या घरात आढ्याला एक डोंगा टांगलेला असायचा, मोहाच्या एकाच खोडातून कोरलेली होडी, तिच्या नवऱ्यानं केलेली. पावसाळ्यात चार माणसं लावून ती तो वर बांधून ठेवायची आणि दसऱ्यानंतर पाण्यात उतरवायची. तिच्या पोटाचं मुख्य साधन ते. पुराचं पाणी आढ्यापर्यंत पोचलं नव्हतं. साऱ्या मोहल्ल्यात कोरडं लाकूड होतं ते हे एक. ती डोंग्यावर वाकून घाव घालत होती. शेजारचे दोघे तिचा हात धरायला बघत होते.

"वयनी, डोंगा नोको!"

"मंग काय जारू?" ती म्हणाली. "पर्चे जारून पाह्यले. गंजभर पानी कोमटबी नाई झालं."

खरंच, चुलीच्या तोंडाशी माझ्या पत्रकांची काळी पानं पडली होती. उरलेला सगळा गठ्ठा तिनं आधी जाळून पाहिला होता. माझ्या लेखनावर याहून नेमकं मत अजून कोणी दिलेलं नाही.

डोंगा चार दिवस पुरला. तांदळाची पातळ पेज, चिमूट मीठ, खदखदलेलं पाणी, चमचा चमचा, दिवसभर. दुसऱ्या दिवशी मालगुजारीण बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन स्वतः गल्लीच्या तोंडाशी आली. भारा खाली ठेवला आणि मोहल्ल्यात पाऊल न टाकता परत गेली. भागरताबाईनं भारा उचलला, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत पडलेली सातही माणसं जगली. कोण कशानं जगलं याचा दावा मी करत नाही. दावे करायची माझी खोड तिथंच मोडली.

नवं पत्रक मी तिच्यासमोर बसून लिहिलं. एक ओळ लिहायची, वाचायची, तिनं होकार दिला तरच पुढची. पाण्याच्या ओळीशी अडलं. मी म्हटलं, "उकळून लिहितो, ळ नीट काढतो."

"तू ळ काहाडशीन," ती म्हणाली, "पन वाचनारा काय म्हनन? उकरूनच म्हनन ना?" चुलीवर पाण्याचं पातेलं, तिकडचा गंज, वाजत होता. तिनं त्याच्याकडे हनुवटी केली. "तो काय म्हनते, ते लिव्ह."

मी लिहिलं : पानी खदखदू द्या. मंग पेवा.

त्या पत्रकात ळ असलेला एकही शब्द नाही. मंडळाच्या कार्यालयातून मला कळवण्यात आलं, की भाषा अशुद्ध आहे.

हिवाळ्यात मंडळानं माझी बदली केली. जायच्या दिवशी सकाळी नावेत बसलो. डेपोतली बिटं तशीच होती. ताडपत्री फाटून त्यात शेवटचे पाऊस शिरले होते आणि लाकडावर हिरवं शेवाळ चढलं होतं. माझ्या अर्जाचं उत्तर आलं होतं, अर्जदारानं समक्ष भेटावं. नदीत ढिवरांचे डोंगे हिंडत होते. भागरताबाई काठाशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हातजाळं फेकत होती. त्या थंडीत, त्या वयात, पायी. मागे दगडावर तिचा पितळी गिलास, त्यातून वाफ निघत होती.

नाव मध्यावर आली तेव्हा तिनं मला पाहिलं.

"पर्चाभाऊ!" ती ओरडली. "घाटावर गेल्यावर पानी कसं पेशीन?"

"खदखदवून!" मी ओरडलो.

तिनं कानामागे हात धरला. "काय म्हनलं? कान फुटले गा माह्ये!"

नावेतली माणसं हसली. मी उभा राहून पुन्हा ओरडलो. तिनं पुन्हा मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून. मी पुन्हा ओरडलो. तिचा हात कानामागे तसाच, दुसऱ्या हातात ओलं जाळं. आता कोणी हसत नव्हतं. पलीकडचा काठ लागेपर्यंत मी तो एक शब्द ओरडत होतो आणि ती तशीच उभी होती, पुन्हा सांग म्हणत.